मुकी तबकडी

सोमवारचा रोजा होता म्हणून गच्चीचा जिना चढताना नझीहा प्रत्येक वळणावर क्षणभर थांबायची. निदान बघणाऱ्याला तसंच वाटायचं. "मादाम, दमलात? आज रोजा ना?" असं कुणी विचारलं की ती हसून मान हलवायची. पण चार जिने चढायला उपास काही आड येत नाही. तिचे पाय जड व्हायचे ते पर्समध्ये रुमालात गुंडाळून ठेवलेल्या बोटभर पेनड्राइव्हमुळे.

समुद्रकाठच्या गाबेस गावात, एका उच्चशिक्षण संस्थेत ती भूगोल शिकवत होती त्याला सव्वीस वर्षं झाली होती. गच्चीवर एक खोली होती आणि खोलीबाहेर, माणूस आत आडवा निजेल एवढी मोठी पांढरी तबकडी. ढगांची चित्रं पाठवणाऱ्या उपग्रहाकडे तोंड करून ती वर्षानुवर्षं उभी. खोलीची किल्ली एकच, आणि ती नझीहाच्या गळ्यात. रोज सकाळी ती वर जायची, दार आतून लावून घ्यायची आणि वीस मिनिटांनी त्या दिवशीच्या आकाशाचं चित्र छापून खाली आणायची. दुसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या फलकात ते लागायचं. वर तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं असायचं, 'आजचं आकाश : आपल्या तबकडीने टिपलेलं.'

त्या एका ओळीचा गावात केवढा मान होता! बंदरावरचे मच्छीमार फोन करून विचारायचे, "गच्चीवाल्या मादाम आहेत का? उद्या जाळी टाकावी का विचारा." कुणाला अभ्यासासाठी चित्र हवं असेल तर कागदावर अर्ज, त्यावर विभागाचा शिक्का, आणि आठ दिवसांची वाट. नियम तिनेच केला होता. आठ दिवसांनी ती चित्र हातात ठेवायची तेव्हा मुलं दोन्ही हातांनी घ्यायची.

आणि तबकडी सहा वर्षांपूर्वीच मेलेली होती.

त्या वर्षी हिवाळ्यात वीज पडली होती. तबकडीचं काही झालं नाही, पण खोलीतलं यंत्र आतून जळून गेलं. नेमकं त्याच आठवड्यात तिचे गुरू मुख्तारसाहेब, तिकडच्या बोलीत सी मुख्तार, स्फाक्सच्या इस्पितळात छातीच्या शस्त्रक्रियेसाठी पडले होते. ही तबकडी त्यांनी आणलेली. परदेशातून आलेले तिचे तुकडे बंदरावरून ट्रकमध्ये घालून, वाटेत स्वतः मागे बसून, पोटाशी धरून आणलेले. नझीहाला त्यांनीच शिकवलं, त्यांनीच नोकरीला लावलं, आणि निवृत्त होताना किल्लीही तिच्याच हातात दिली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यांनी फोनवर एकच गोष्ट विचारली होती.

"पोरी, तबकडी बोलतेय ना?"

"बोलतेय, सी मुख्तार," नझीहा म्हणाली होती. त्या घटकेला दुसरं काय म्हणणार?

मग फलक रिकामा राहू नये म्हणून तिने शोधाशोध केली, आणि तिला कळलं की उपग्रह चालवणाऱ्या संस्थेचं अख्खं भांडार शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना खुलं आहे. एक अर्ज भरायचा. नाव, पत्ता, कशासाठी हवं ते. तिने पहाटेची नमाज झाल्यावर जाजमावर बसल्या बसल्याच अर्ज भरला. दुसऱ्या दिवशी परवानगी आली. आजचं चित्र तर मिळालंच, पण मागची कितीतरी वर्षं, दर पाव तासाचं एक, हवं ते, हव्या त्या रंगात. गच्चीवरच्या यंत्राने कधी दिलं नव्हतं एवढं सगळं. तिला आनंद झाला होता. सी मुख्तार बरे झाले की सांगू, असं तिने ठरवलं.

सी मुख्तार बरे झाले. काठी टेकत टेकत गच्चीवर आले, तबकडीच्या पाठीवर घोड्याच्या पाठीवर थोपटावं तसं थोपटलं, आणि म्हणाले, "आपण दोघं वाचलो, बये." नझीहाने त्यांना बसायला खुर्ची दिली. त्या दिवशी सांगायचं राहिलं ते राहिलंच. पुढे त्या न बोलण्याला सवय म्हणावं, नियम म्हणावं, की मान म्हणावं, हे तिचं तिलाही कळेनासं झालं.

तर त्या सोमवारी ती चित्र लावून खाली आली, तेव्हा विभागप्रमुख सी लझहर तिची वाटच बघत होते. माणूस सज्जन, घाईचा, सगळ्यांना सांभाळून घेणारा.

"मादाम नझीहा, गुरुवारी समिती आहे. ती तुमची दूझकडची मुलगी, मब्रूका. तिचं नाव कमी करावं लागणार. मुदत दोनदा वाढवली, प्रबंध काही आला नाही. मार्गदर्शक म्हणून तुमच्या दोन ओळी हव्यात." त्यांनी छापील कागद पुढे केला. "काही नाही, 'आवश्यक उपग्रहचित्रे उपलब्ध नसल्याने काम पूर्ण होऊ शकले नाही' एवढंच. सही करा की झालं."

नझीहाने पेन हातात घेतलं. कागदावर टेकवलं. शाईचा एक ठिपका पडला.

"घरी नेऊन वाचते," ती म्हणाली.

"दोन ओळी काय वाचायच्या?" सी लझहर हसले. "बरं, न्या. पण गुरुवारी हातात द्या हं."

मब्रूका दूझच्या पलीकडच्या, वाळूला टेकलेल्या एका गावातली. उंच, काटक, आणि प्रश्न विचारताना डोळ्यांत डोळे घालून बघणारी. तिच्या गावची शाळेची गाडी एका वसंतात वाळूच्या वादळात रस्त्यावर अडकली होती. पोरं चार तास आत कोंडलेली, काही दिसेना. त्या महिन्यात असे अकरा दिवस आले होते. मब्रूकाला एवढंच दाखवायचं होतं की ते धुळीचे लोट उठल्यापासून गावात पोचेपर्यंत वरून किती तास आधी दिसत होते. दिसत असतील तर गाडी निघण्याआधीच थांबवता येईल. विषय साधा होता आणि खरा होता. नझीहालाच तो फार आवडला होता.

पण ते अकराही दिवस नेमके त्या तीन आठवड्यांत पडले होते, जेव्हा नझीहा उमऱ्याला मक्केला गेली होती. गच्चीची खोली कुलूपबंद होती. हे सगळ्या संस्थेला ठाऊक होतं, कारण फलकावर तिनेच चिठ्ठी लावली होती, 'तीन आठवडे चित्र नाही.' आता त्या दिवसांची चित्रं ती कुठून आणून देणार? दिली असती तर पहिल्याच माणसाने विचारलं असतं, बंद खोलीत टिपली कुणी?

म्हणून तिने सांगितलं, "त्या दिवसांचं आपल्याकडे नाही."

"मग बाहेरून नाही मिळणार का, मादाम? ज्यांचा उपग्रह आहे त्यांच्याकडून?"

"नाही," नझीहा म्हणाली होती. "आपल्यासारख्यांना कोण देतं?"

हे शेवटचं वाक्य तिला दीड वर्षं कानात ऐकू येत होतं. अल्लाच्या घरी जाऊन आलेल्या दिवसांच्या आडोशाला उभं राहून ती हे बोलली होती. त्यानंतर तिने रोजे वाढवले. सोमवार-गुरुवार होतेच, त्यात महिन्याचे मधले तीन घातले. रात्रीच्या जपाची माळ दुप्पट केली. पण जे माणसाचं माणसाकडून घेतलेलं असतं, ते उपासाने परत जात नाही, हे ती स्वतःच शेजारणींना समजावून सांगत असे.

संध्याकाळी अजान झाली. धाकट्या बहिणीने, झकियाने, समोर खजूर आणि पाणी ठेवलं.

"ताई, घे ना. सूर्य बुडाला."

नझीहाने खजूर ओठाशी नेला. आणि तो कागद आठवला. 'उपलब्ध नसल्याने.' त्याच्याखाली तिची सही. खोटी साक्ष यापेक्षा वेगळी काय असते? खजूर खाल्ला, पण पुढ्यातला शोर्बा, ते रोजा सोडायचं गरम सार, तसाच निवत राहिला.

"उद्या शेनिनीला जाऊन येते," ती म्हणाली. "सी मुख्तारांकडे."

सी मुख्तार आता ऐंशीच्या पुढचे. शेनिनीच्या बागेत, माडासारख्या उंच खजुरांखाली, डाळिंबाच्या सावलीत सतरंजी टाकून बसलेले असत. नझीहा आली तसे त्यांनी चहाचा दुसरा पेला पुसला.

"ये पोरी. तबकडी बोलतेय ना?"

सहा वर्षं ते असंच विचारायचे, आणि सहा वर्षं ती हो म्हणायची. या खेपेला ती उभीच राहिली.

"नाही. सी मुख्तार, ती सहा वर्षं मुकी आहे. तुम्ही इस्पितळात होता तेव्हाच गेली. मी चित्रं घरून आणते."

म्हाताऱ्याने चहा ओतला. उंचावरून, फेस येईल असा, एक थेंब न सांडता.

"बस," ते म्हणाले. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"त्याच वर्षी वसंतात एकदा पहाटेपासून दुपारपर्यंत अख्ख्या गाबेसची वीज गेली होती, आठवतं? वीज आल्यावर, संध्याकाळी मी डॉक्टरकडून येता येता संस्थेत डोकावलो. फलकावर सकाळी नऊचं चित्र, म्हणजे वीज नव्हती तेव्हाचं. रंग ताजा, वेळ छापलेली." ते हलकेच हसले. "मी म्हटलं, आमची तबकडी आता रॉकेलवर चालायला लागली वाटतं."

नझीहाचं तोंड पेटल्यासारखं झालं. "मग तुम्ही दर वेळी विचारत होता..."

"वाटायचं, आज सांगशील. तू हो म्हणालीस की मी म्हणायचो, असू दे. मुलगी माझ्यासाठीच करतेय. दुसऱ्याचा दोष झाकला तर देव आपले झाकतो, हेच शिकलो ना आपण? घातलं पांघरूण." त्यांनी पेला पुढे सरकवला. "कुणाचं काय बिघडत होतं त्यात?"

तेव्हा नझीहाने मब्रूकाचं सांगितलं. अकरा दिवस सांगितले, शाळेची गाडी सांगितली, ते वाक्यही शब्द न बदलता सांगितलं. गुरुवारचा कागद पर्समधून काढून दाखवला.

सी मुख्तारांनी चष्मा लावून तो वाचला. मग घडी घालून सतरंजीवर ठेवला.

"म्हणजे आपण दोघांनी मिळून जे पांघरूण घातलं," ते म्हणाले, "त्याच्याखाली ती पोर गुदमरली. मी उगाच समजत होतो की पुण्य जोडतोय." त्यांनी पेला बाजूला सारला. "माझ्यापुढे कबूल करून काय उपयोग, नझीहा? मी काही गमावलं नाही. जिने गमावलं तिच्या दारात जा."

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"दुसरं तोंड आहे का तुझ्याकडे? याच तोंडाने जा."

बुधवारी सकाळी ती दूझच्या लुआजमध्ये बसली. भाड्याच्या त्या गाडीत आठ माणसं, एक कोंबडा, आणि किस्से सांगणारा ड्रायव्हर. आज रोजा नव्हता. नझीहाला वाटलं, असता तर बरं झालं असतं. उपास असला की माणूस कुठेही 'नको' म्हणू शकतो, आणि 'नको' म्हणणाऱ्याला मान राहतो.

मब्रूकाच्या आईने दारातच तिचे दोन्ही हात धरले. "तुम्ही? खुद्द तुम्ही? अगं मब्रूका, बघ कोण आलंय! तुझ्या गच्चीवाल्या मादाम!" बाईने चुलीवरून नुकतीच उतरवलेली मत्तब्गा कापली. आत कांदा, मिरची, चरबी भरलेली जाड गरम भाकरी. तिचा सगळ्यात मोठा तुकडा नझीहाच्या पुढ्यात आला. वाडग्यात ताक आलं. "पोरगी सुरुवातीला घरी आली की तुमचंच बोलायची हो. मादामांकडे अशी तबकडी आहे, ती अशी आभाळाशी बोलते. मी सगळ्या गल्लीला सांगायची. आता नाही बोलत काही. शाळेत लहान पोरांना अक्षरं शिकवते, तेही तात्पुरतं. तिच्या नशिबात तुमच्यासारखं होणं नव्हतं म्हणायचं, दुसरं काय. खा ना, मादाम! खात का नाही?"

नझीहाने खाल्लं. जिचं बुडवलं तिच्याच घरची भाकरी, तिच्याच आईच्या हातची. घास तोंडात गोल गोल फिरत होता.

मब्रूका समोर पाय दुमडून बसली होती. ती काही खात नव्हती, नुसती बघत होती.

"नाव कमी करणार, हे सांगायला आलात ना?" ती म्हणाली. "पत्र आलंय मला. एवढ्या लांब कशाला आलात?"

"नाही. दुसरं सांगायला आले." नझीहाने आईकडे पाहिलं. बाई प्रेमाने ऐकत बसली होती, हलायचं लक्षण नव्हतं. एक क्षण नझीहाच्या मनात आलं, हिला पाणी आणायला सांगावं. मग तिने तो विचार सोडून दिला. "मब्रूका, तुला हवी होती ती अकरा दिवसांची चित्रं होती. आहेत. पहिल्यापासून आहेत, सगळ्यांना खुली. तू स्वतः अर्ज भरला असतास तर तुलाही मिळाली असती. मला ते माहीत होतं, आणि मी तुला नाही म्हणाले."

आईचा हात ताकाच्या तांब्यावर थबकला.

"का?" मब्रूकाने विचारलं.

"तबकडी बंद पडलीय हे लोकांना कळलं असतं म्हणून."

"तबकडी." मब्रूका तो शब्द नवाच असल्यासारखी म्हणाली. "किती वेळ लागतो अर्जाला?"

"दहा-बारा मिनिटं."

"दहा-बारा मिनिटं," मब्रूका म्हणाली. तिने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. "तुम्हाला एक सांगू, मादाम? मला इंटरनेटवर ते अर्जाचं पान सापडलं होतं. तुम्ही नाही म्हणायच्या दोनच दिवस आधी. तिथे लिहिलं होतं, अर्ज भरा. मी माझं नावसुद्धा टाकलं होतं. पण तुम्ही म्हणालात आपल्यासारख्यांना कोण देतं. म्हटलं, मादाम इतकी वर्षं याच कामात आहेत, त्यांना नाही ठाऊक तर कुणाला? उगाच आपली फजिती कशाला करून घ्या. मी ते पान बंद केलं."

बाहेर कोकराच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

नझीहाला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर आईने उठून तिला जवळ घेतलं असतं, तिचे डोळे पुसले असते, आणि सगळं तिथेच मिटलं असतं. तिला तेही नको होतं.

"मला माफ कर, असं म्हणायचा हक्क नाही मला," ती म्हणाली. "पण मागायला आले आहे."

"मला काय सांगता?" मब्रूकाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "समितीला सांगा! आणि चूक झाली, गैरसमज झाला, असलं काही सांगू नका. माहीत होतं, असं सांगा. तेवढं जमेल?"

"मब्रूका!" आई दटावून म्हणाली. "पाहुण्या आहेत. तुझ्या गुरू आहेत."

"जमेल," नझीहा म्हणाली.

निघताना आईने सवयीने तिच्या पिशवीत खजुरांचा पुडा कोंबला. पण या वेळी तिने हात धरले नाहीत, आणि दारापर्यंतही आली नाही. नझीहाला पुडा ठेवूनही जाता येईना आणि नेताही येईना. शेवटी नेला.

गुरुवारी समितीत पाच जण होते. पाण्याच्या बाटल्या, फायली, आणि नझीहाच्या समोर पालथा घातलेला पेला. तिचा रोजा सगळ्यांना पाठ होता. मब्रूकाचा विषय चौथा होता. सी लझहरनी हात पुढे केला. "मादाम, तो कागद."

"सही केली नाही," नझीहा म्हणाली. "त्यावरचं वाक्य खरं नाही. चित्रं उपलब्ध होती. सगळ्या जगाला उपलब्ध आहेत. मला माहीत होतं आणि मी माझ्या विद्यार्थिनीला नाहीत म्हणून सांगितलं. गच्चीवरची तबकडी सहा वर्षं बंद आहे. फलकावरची चित्रं मी घरी उतरवून आणते. ते उघडं पडू नये म्हणून मी तिला नाही म्हणाले."

कुणीतरी खोकलं. एकाने मोबाईल उलटा ठेवला. सी लझहर आधी लाल झाले, मग त्यांच्या चेहऱ्यावर ती नेहमीची सांभाळून घेणारी माया आली.

"असं आहे, मादाम," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमची सव्वीस वर्षांची सेवा. उपास आहे, उन्हाचे दिवस आहेत. आपण असं लिहू, 'तांत्रिक अडचणीमुळे चित्रे वेळेवर मिळू शकली नाहीत.' मुलीला मुदतही मिळेल आणि तुमचंही... म्हणजे घरातली गोष्ट घरात राहील. काय हो?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळे तिच्यावर पांघरूण घालायला तयार होते, मऊ, उबदार, ओळखीचं पांघरूण. नझीहाला एक क्षण त्याच्या आत शिरावंसं फार वाटलं. मब्रूकाला मुदत तर मिळतच होती. मग आणखी काय हवं?

पण तिला मब्रूकाने बंद केलेलं ते अर्जाचं पान आठवलं.

"नको, सी लझहर," ती म्हणाली. "तांत्रिक अडचण लिहिलीत तर तिच्या कागदावर कायमचं राहील की तिला साधन मिळालं नाही. तिला साधन सापडलं होतं. मी ते तिच्या हातून काढून घेतलं. असंच लिहा. 'मार्गदर्शकाला माहीत होते.' हवं तर मी सांगते, तुम्ही उतरवून घ्या."

सी लझहरनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. त्यांच्या अक्षरात ते वाक्य उतरलं तेव्हा तिने वाचून खाली सही केली. मब्रूकाला एक वर्षाची मुदत मिळाली. मार्गदर्शक दुसऱ्या, वाळवंटाचा अभ्यास केलेल्या तरुण बाई. नझीहाबद्दल काय करायचं ते वरिष्ठ ठरवतील, असं सी लझहर खाली बघून म्हणाले, आणि पाचवा विषय घेतला.

सभेनंतर ती गच्चीवर गेली, शेवटची. शिपाई बशीरकाका तबकडीच्या सावलीत फरशी पुसायचे फडके वाळत घालत होते. एका काळ्या जाड दोरीवर. नझीहाचं त्या दोरीकडे आधी कधी नीट लक्ष गेलं नव्हतं. ती तबकडीतून खोलीत जाणारी तार होती.

"काकाऽ... ही तार?"

बशीरकाका गोंधळले. टोपी काढली, पुन्हा घातली. "दोन वर्षं झाली, मादाम. वाऱ्याने सुटून लोंबत होती. म्हटलं, तिच्यातून काही जात-येत तर नाही. फडक्यांना झाली." मग घाईघाईने म्हणाले, "मी कुणाला बोललो नाही हं. देवाशपथ. तुम्ही रोज वर यायच्या, दार लावून घ्यायच्या. मी आपला खाली जायचो, तुम्हाला अवघड होऊ नये म्हणून."

नझीहाने गळ्यातून किल्ली काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. हात परत घेताना तिला स्वतःचीच बोटं परकी वाटली. दोन वर्षं ती बंद दाराआड ज्या वीस मिनिटांचा देखावा करत होती, त्या वीस मिनिटांत हा माणूस तिच्या लाजेखातर जिना उतरून जात होता.

खाली फलकातलं चित्र तिने काढलं. 'आपल्या तबकडीने टिपलेलं' ही ओळही काढली. त्या जागी कोरा कागद लावला आणि त्याच वळणदार अक्षरात लिहिलं, ही चित्रं कुणाचीही नाहीत, सगळ्यांची आहेत. अमुक पानावर जा, नाव लिहा, पत्ता लिहा, कशासाठी हवं ते लिहा, दिवस आणि वेळ निवडा. दिलेली वेळ आपल्या घड्याळाच्या एक तास मागे असते, हेही लिहिलं, कारण मुलं तिथे हमखास चुकतात. खाली लिहिलं, 'अर्जाला शिक्का लागत नाही.' मागे दोन मुली उभ्या राहून वाचत होत्या.

"म्हणजे आठ दिवस थांबायचं नाही?" एकीने दुसरीला विचारलं. "मग आपण इतके दिवस कशाला थांबत होतो गं?"

नझीहाने मागे वळून बघितलं नाही. टाचणी बोटात रुतली होती, ती काढत राहिली.

संध्याकाळी झकियाने शोर्बा केला होता. तिला सगळं कळलेलं होतं. गाबेस तेवढंच गाव. तिने नेहमीसारखं पाणी भरून ठेवलं. नझीहाने मब्रूकाच्या आईने दिलेला पुडा सोडून त्यातलेच खजूर बशीत काढले. अजानला अजून दोन-तीन मिनिटं होती तेवढ्यात फोन वाजला.

मब्रूकाचा निरोप होता. त्यात सलाम नव्हता, मजकूर नव्हता. नुसतं एक चित्र. अकरा दिवसांपैकी पहिल्याचं, पहाटे पावणेपाचचं. काळसर जमिनीवर दक्षिणेकडून येणारा धुळीचा गुलाबी लोट, कुणी भिंतीवर हात पुसावा तसा. दूझचा ठिपका अजून स्वच्छ होता. शाळेची गाडी निघायला तेव्हा दोन तास होते.

नझीहाने चित्र बोटांनी मोठं केलं. तो रस्ता तिने कालच पाहिला होता. ती काहीतरी लिहायला गेली, 'अल्ला तुझं भलं करो' असं काहीतरी. मग तिने तेही पुसलं. मब्रूकाने विचारलं नव्हतं काही. तिने फक्त दाखवलं होतं की दिसत होतं.

"ताई, अजान झाली," झकिया म्हणाली.

"हो," नझीहा म्हणाली, आणि खजूर हातात धरून ती त्या चित्राकडे बघत राहिली.